पहिलं दळण

"सर, तुमी घरी जावा. डबा मी पोचवतो," नवनाथ म्हणाला.

"बसतो की. मला कुठे कामावर जायचंय?"

"तसं न्हाई. पीठ उडतंय. तुमाला खोकला येतोय."

मला खोकला आला नव्हता. पावणेसात वाजले होते, गिरणी नुकतीच उघडली होती, मोटार अजून सुरू व्हायची होती आणि हवेत पिठाचा कणही नव्हता. मी भिंतीलगतच्या लाकडी बाकावर बसलो, पिशवी मांडीवर घेतली आणि मनातल्या मनात सुरुवात केली. नवनाथ सुखी होवो. नवनाथ निरोगी होवो. नवनाथच्या मनाला स्वस्थता लाभो.

डोळे अर्धे उघडे ठेवले होते. नवनाथने आमचा ज्वारीचा डबा उचलला. त्याआधी त्याने फळीवरचा एक छोटा स्टीलचा डबा, फडक्यात गुंडाळलेला, हळूच मागे सरकवला आणि पुढे रिकामं पोतं ओढलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी पापण्या मिटल्या. नवनाथ सुखी होवो, असं पुन्हा म्हणालो, आणि त्याला जोडून एक वाक्य म्हणालो जे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. त्या डब्यात काय आहे ते मला कळो.

या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. बार्शीच्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल होतो आणि त्या वर्षी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. लोक मला सर म्हणत, पण मी कधी वर्गात उभा राहिलो नाही. चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. पुस्तकांच्या कपाटाआड नोकरी झाली हे माझं नशीब.

माझी बायको प्रभावती वर्षभर आजारी होती. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं, पोट सारखं बिघडलेलं, चालताना धाप. शेवटी सोलापूरच्या डॉक्टरांनी निदान केलं की तिच्या आतड्यांना गहू सोसत नाही. कमी खायचा असं नाही, बोटाला लागलेला कणसुद्धा पोटात जाऊ द्यायचा नाही. औषध दुसरं काही नव्हतं. आम्ही घरातला गहू काढून टाकला. मी म्हणालो, "तू खाणार नाहीस तर मीही नाही." तिने पुष्कळ विरोध केला. तेव्हा मला नुकतीच कवळी बसवली होती आणि ती हिरड्यांना टोचायची, पण महिनाभराने प्रभावती ज्वारीची भाकरी इतकी मऊ करू लागली की माझं काही अडलं नाही. हात असतो एकेकाचा, असं मी समजलो. आपण बायकोसाठी काहीतरी सोडलं याचं मला मनातून बरंही वाटत होतं.

गिरणीचा प्रश्न होता. एकाच दगडावर गहू, ज्वारी, बाजरी, सगळं दळलं जातं. प्रभावतीनेच जाऊन नवनाथशी बोलून ठरवलं. मंगळवार आणि शुक्रवार, पहिलं दळण आमचं. आदल्या रात्री तो दगड झाडून ठेवायचा, सकाळी स्वतःची दोन ओंजळी ज्वारी टाकून दगड चालवायचा, ते पीठ शेळीला घालायचा आणि मग आमचा डबा ओतायचा. या खटाटोपाचं तो जादा काही घेत नसे. तिथेच मला पहिली शंका आली. माणूस फुकट इतकं कशाला करील?

सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. आकडा जवळजवळ होता तिथेच होता. वजन आणखी दोन किलो उतरलं होतं. डॉक्टर कागद बाजूला ठेवून म्हणाले, "कुठून तरी गहू पोटात जातोय. घरात नाही म्हणता, तर गिरणीत बघा. असंच चाललं तर पुढचं मला सांगावं लागेल, आणि ते मला सांगायचं नाहीये."

परतीच्या एसटीत प्रभावती खिडकीबाहेर बघत होती. मी म्हणालो, "नवनाथ दगड झाडत नसणार."

"झाडतात हो ते."

"तू बघितलंयस?"

"सगळंच बघायला लागतं का?" ती म्हणाली आणि डोळे मिटून बसली.

त्या सुमारास मी दर गुरुवारी ध्यानवर्गाला जात होतो. मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या निर्मलाताई दोशी आपल्या माडीवर तो घेत. सात-आठ जण यायचे. मैत्रीची आणि करुणेची भावना कशी करायची ते त्या शिकवत. आधी स्वतःसाठी सुख मागायचं, मग जवळच्या माणसासाठी, मग ज्याच्याशी आपलं काहीच देणंघेणं नाही अशासाठी, आणि शेवटी जो मनात सलतो त्याच्यासाठी. त्यांचं म्हणणं असं की सतरंजीवर बसून केलेली भावना अर्धी. बाजारात, रांगेत, जिथे ते माणूस समोर असेल तिथे ती करून बघायची. मी याविषयीची पुस्तकं आधीच वाचली होती, वहीत टिपणं काढली होती, आणि पहिल्या पायरीवरच अडलो होतो. स्वतःसाठी सुख मागताना मला फार अवघडायचं. म्हणून मी ती पायरी सोडून पुढे गेलो.

"चौथं माणूस कोण निवडलंत?" ताईंनी एकदा विचारलं.

"गिरणीवाला."

"का सलतो?"

"तो खोटं बोलतो असं वाटतं."

"बोलतो का?"

"माहीत नाही."

"मग 'माहीत नाही' एवढंच म्हणा आणि भावना करा. वाटतं ते धरून बसू नका."

मी मान डोलावली. आणि घरी येताना मला एक युक्ती सुचली, जिची मला आजही लाज वाटते. डबा गिरणीत ठेवून परत यायच्याऐवजी तिथल्या बाकावर बसून राहायचं. ताईंनी सांगितलं तसं समोरच्या माणसासाठी भावनाही होईल आणि नजरही राहील. कोणी विचारलं, किंवा मीच मला विचारलं, तरी उत्तर तयार होतं.

महिनाभर मी बसलो. नवनाथ चाळिशीचा, उंच, भुवयांवर कायम पीठ. तो आदल्या रात्रीचा दगड खरंच झाडलेला दाखवायचा, स्वतःची ज्वारी टाकायचा, शेळीच्या पाटीत पीठ ओतायचा. सगळं नीट. पण मी बसलो की तो अस्वस्थ व्हायचा. "वयनी न्हाई का येनार?" असं दोनदा विचारलं. "त्यास्नीच लावून द्या की, जरा फिरनं व्हईल," असंही म्हणाला. धाप लागणाऱ्या बाईला डबा घेऊन बोलावतो म्हणजे काय? आणि तो फडक्यातला डबा. कधी फळीवर, कधी मोटारीमागे, आणि माझी चाहूल लागली की सरकवलेला.

गिऱ्हाइकांनाही मी दिसू लागलो होतो. मागच्या आळीतली शेवंताबाई, कमरेला बटवा लावणारी, दळण घेऊन लवकर यायची. ती एकदा नवनाथला मोठ्यानेच म्हणाली, "सर व्हट हलवत्यात बग. काय म्हनत्यात काय की. मागल्या हप्त्यात तुजा पट्टा तुटला न्हवं?"

"गप बस, मावशे," नवनाथ म्हणाला.

"गप काय? माज्या दळनावर नका म्हनू काही, सर. माजं गरिबाचं हाय."

लोक हसले. नवनाथ हसला नाही. त्या दिवसापासून मी ओठ घट्ट मिटून भावना करू लागलो.

तो शुक्रवार होता. आदल्या रात्री प्रभावतीला जिना चढताना चक्कर आली होती. मी तिला धरलं तेव्हा तिचा दंड माझ्या मुठीत मावला. रात्रभर मी छताकडे बघत होतो, आणि सकाळी ठरवून गेलो. नेहमीपेक्षा वीस मिनिटं आधी.

गिरणीचं दार उघडं होतं. नवनाथ दगडाशी वाकला होता, आणि फळीवर, नेमकी आमच्या डब्याची जागा असायची तिथे, तो स्टीलचा डबा होता. फडकं बाजूला पडलं होतं. मी सरळ गेलो आणि झाकण काढलं. आत ताजं पीठ होतं. ज्वारीचं पीठ बोटांना रवाळ लागतं. हे मऊ होतं. गव्हाचं.

"सर, ठिवा त्यो," नवनाथ मागून म्हणाला.

"हे गव्हाचं आहे."

"व्हय."

"आमच्या डब्याच्या जागेवर कशाला?"

इतक्यात शेवंताबाई आणि तिच्यामागे चौकातला खानावळवाला दामोदर आत आले. आयुष्यात मी कधी चढ्या आवाजात बोललो नव्हतो. त्या दिवशी माझा आवाज मलाच परका वाटला.

"महिनाभर बघतोय मी. मी आलो की हा डबा लपवतोस. आमच्या पिठात मिसळतोस ना हे?"

"न्हाई."

"मग कोणाचं आहे?"

नवनाथने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

दामोदर म्हणाला, "मिसळून त्याला काय मिळनार ओ सर?"

"मालदांडी ज्वारीचा भाव काय आणि रेशनच्या गव्हाचा काय? तुम्हीच सांगा. ज्वारी काढून घ्यायची आणि तेवढा गहू घालायचा. माझी बायको मरायला टेकलीय. याला माहीत आहे तिला गहू चालत नाही. तिने स्वतः येऊन सांगितलंय याला."

शेवंताबाईने आपलं दळण खाली ठेवलं होतं, ते पुन्हा उचलून कमरेवर घेतलं. "आरं नवनाथा, खरं का काय?"

"मिसळलं न्हाई मावशे."

"मग सांग की कुनाचं हाय ते."

नवनाथने माझ्या हातातून डबा घेतला, झाकण लावलं, फडकं गुंडाळलं. "सर, आजपस्तोर जेवढं दळलं, पोरीच्या शपथेवर सांगतो, सोच्छ दळलं. तुमाला पटत नसंल तर डबा दुसरीकडं न्या."

मी बाहेर पडलो. खोटं कशाला सांगू, छाती भरून आली होती. एकदा तरी मी कुणासाठी तरी भांडलो होतो.

घरी प्रभावती चुलीपुढच्या पाटावर बसली होती. गॅस होता, पण भाकरी ती चुलीवरच करायची. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. डबा, पीठ, मी काय बोललो, शेवंताबाईने दळण कसं उचललं. तिने पहिल्यांदा हात थांबवला. मग चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"लोकांसमोर बोललात?"

"मग काय एकांतात बोलू?"

"तो डबा माझा आहे."

मला समजलं नाही.

"तुमच्यासाठी. आठवड्याला दोन मुठी गव्हाचं पीठ घेते मी त्यांच्याकडून, तुम्ही घरी नसताना. तुमच्या भाकरीत घालायला." ती माझ्याकडे बघत नव्हती. "नुसत्या ज्वारीची तुम्हाला चावत नव्हती. तुकडा तोंडात धरून बसायचात आणि मी पाठ वळवली की भुईवर मांजराला टाकायचात. महिनाभर बघितलं. विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

"अगं पण त्याच परातीत..."

"हात धुवायचे मी. दोनदा धुवायचे. मी खात नाही ना, मग मला काय होतंय, असं वाटायचं. तुमच्या दोन आधी थापायच्या, मग माझ्या."

"आणि तवा?"

तव्यावर माझी भाकरी होती. इतके महिने मी जिला हाताचा गुण समजलो ती भाकरी.

"डॉक्टर बोलले तेव्हा तुला शंका आली नाही?"

"आली."

"मग?"

"तोवर तुम्ही नीट जेवायला लागला होतात," ती म्हणाली.

भाकरी करपली. मग तिने विचारलं, "नवनाथभावजींनी माझं नाव घेतलं?"

"नाही. सगळे विचारत होते. मीही विचारलं. खाली मान घालून उभा राहिला."

"शपथ घातली होती मी त्यांना. म्हणाले होते, वयनी हे बरं न्हवं, सरास्नी सांगून टाका. दर वेळी म्हणायचे. तुम्हीच यावं, मी डबा सरांच्या हाती देणार नाही, असंही म्हणायचे." ती उठली, पदराने हात पुसले. "चला."

"तू कशाला? मी जातो."

"तुम्ही जाल आणि दारातून परत याल."

ते खरं होतं. आम्ही निघालो. पण कोपऱ्यावरच्या दत्ताच्या देवळापर्यंत गेल्यावर तिला धाप लागली आणि ती ओट्यावर टेकली. "जा पुढे," ती म्हणाली. "मी इथून बघतेय."

गिरणी सुरू होती. शेवंताबाई गेली नव्हती. दळण कमरेवर घेऊन दारात उभी होती, आणि आणखी तीन-चार बाया तिच्याभोवती. त्यांतल्या दोघींनी आपले डबे परत काढून घेतले होते. मी आत शिरलो तशा त्या बाजूला झाल्या. मी काहीतरी बोललो, पण मोटारीच्या आवाजात ते मलाही ऐकू आलं नाही. नवनाथने माझ्याकडे पाहिलं आणि बटण बंद केलं. पट्टा फडफडत फडफडत थांबला. इतकी शांतता मी त्या गिरणीत कधी ऐकली नव्हती.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "नवनाथने काही मिसळलेलं नाही. कधीच नाही."

"मग डबा कुनाचा?" शेवंताबाईने विचारलं.

नवनाथने माझ्यामागे, रस्त्याकडे पाहिलं. ओट्यावर बसलेली प्रभावती तिथून दिसत असावी. त्याने मान हलवली, अगदी थोडी. सांगू नका, असं.

"माझा," मी म्हणालो. "माझे दात गेलेत. कवळीने भाकरी चावत नाही. माझ्यासाठी मऊ भाकरी व्हावी म्हणून गव्हाचं पीठ घरात येत होतं, आणि त्यामुळेच तिचं दुखणं वाढलं. मला माहीत नव्हतं. मी नवनाथला चोर म्हणालो. तो चोर नाही."

माझी जीभ टाळ्याला चिकटली नाही. का, ते मला अजून कळलेलं नाही. एक तरुण बाई तोंडाला पदर लावून हसली. दाताचं हसली असेल. हसू दे.

शेवंताबाईने माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं. "एवढं शिकलेलं मानूस," ती म्हणाली आणि दळण खाली ठेवलं. "घे रं नवनाथा. माजं आधी घे. उशीर झाला."

नवनाथ एकच वाक्य बोलला. "मंगळवारी आना डबा."

त्या दिवसापासून मी दूधभाकरी कुस्करून खाऊ लागलो. नवी परात आणली, नवा तवा आणला. प्रभावती पहिले आठ दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. तिचं गुपित उघड झाल्याचा राग नव्हता. मी मांजराला भाकरी टाकायचो त्याचा होता. नवनाथकडे मी डबा नेऊन ठेवायचो आणि लगेच निघायचो. बाकावर पुन्हा बसलो नाही. निर्मलाताईंनी चौथ्या माणसाचं काय झालं असं विचारलं तेव्हा मी म्हणालो, माणूस बदलला. नवा कोण, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

पाच महिन्यांनी सोलापुरात पुन्हा रक्त तपासलं. आकडा निम्म्याच्या खाली आला होता. डॉक्टरांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि प्रभावतीला म्हणाले, "आता हसा की जरा."

दुसऱ्या दिवशी मी गिरणीत गेलो. दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं. नवनाथ दगड उघडून छिन्नीने त्याला टाकी लावत बसला होता. मी बातमी सांगितली. त्याने छिन्नी खाली ठेवली, हात जोडले, कुणाला ते कळलं नाही, आणि पुन्हा छिन्नी उचलली.

"सर, एक इचारू?"

"विचार."

"तुमी हितं बसून काय म्हनत व्हता? आमची मंडळी म्हनायची, सर करनी करत्यात. म्या म्हनलं, त्येंना कुठली येतीया करनी."

मी सांगितलं. तू सुखी व्हावंस, निरोगी व्हावंस, तुझ्या मनाला स्वस्थता लाभावी, असं म्हणत होतो.

तो दगडावर दोनतीन ठोके मारत राहिला. "आन डोळं मातुर पिठावर."

खोटं बोलायला जागाच नव्हती. "हो," मी म्हणालो. "पहारा करत होतो."

"म्हाईत व्हतं."

"कधीपासून?"

"पैल्याच दिवशी. असं कोन बसतंय गिरनीत?"

"मग मला उठवलं का नाहीस?"

नवनाथने दगडावरची भुकटी फुंकली. ती उडून त्याच्या भुवयांवर बसली.

"बायकूसाठी बसलंय मानूस," तो म्हणाला. "बसू दे म्हनलं."